डी ड्राइव्हमधले धवले

आमच्या पनवेलच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी खारघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. दुकानदाराने डिस्कचे दोन भाग पाडून दिले, सी आणि डी, आणि वर मंत्रही दिला, "सी कधीही उडेल, डीला काही होत नाही." हा मंत्र मी घरभर सांगत सुटलो. आईला तो लगेच पटला. डी म्हणजे कपाटातला आतला लॉकर, असं तिने ठरवून टाकलं, आणि फोटो आले की "आत ठेव रे" म्हणू लागली.

त्या लॉकरमध्ये माझ्या आत्याचा आवाज होता. आत्या ओवे गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, लग्नाची गाणी, म्हणणारी. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवोत न येवोत, धवलारणीने धवले गायल्याशिवाय हळद लागायची नाही. आत्याला पन्नासेक धवले पाठ होते, कागदावर एकही नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला हेडफोनच्या माइकसमोर बसवलं. अख्ख्या मांडवाला पुरून उरणारी ही बाई त्या बोटभर माइकपुढे घामाघूम झाली. "यो मना ऐकतंय का?" असं दर धवल्याआधी विचारत तिने तीन दुपारी गाऊन काढल्या. मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याही रेकॉर्ड झाल्या. शेवटी पदराने तोंड पुसत म्हणाली, "चला, सुटले. आता शिकवाया सुनंच्या मागं लागाया नको. तुज्याकडं हायेत ना?"

"डीमध्ये आहेत, आत्या," मी छाती फुगवून म्हणालो.

वर्षभराने कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. बटण दाबून चहा करून प्यायला तरी कॉम्प्युटर जागा होईना. कॉलेजात कुणीतरी सांगितलं, चालू होताना अमुक बटण दाबून धर, तो कारखान्यातून आला तसा होतो. मी दाबून धरलं. सगळा डेटा जाईल, असं पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहून आलं. मी ते वाचलं आणि मनात म्हणालो, जाईल तो सीचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, तो मी! कारखान्यातून निघाला तेव्हा त्याला डी नव्हताच, तो दुकानदाराने नंतर पाडला होता, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

तासाभरात कॉम्प्युटर कोरा करकरीत झाला. डी शोधला तर डी नाही. मी त्या खुर्चीत बसून रडलो. दुकानदाराने डिस्क दोन दिवस चाळली. फोटोंचे काही तुकडे मिळाले, आवाज एकही नाही.

आत्याला सांगायला हवं होतं. दर सणाला ठरवायचो, तिच्या हातची तांदळाची भाकरी खायचो आणि मूग गिळून परत यायचो. अशी तीन वर्षं गेली. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि कुजबुजण्यापुरताच आवाज उरला. त्याच वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं.

हळदीच्या दिवशी बायका जमल्या, नवरी पाटावर बसली. आत्याने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "लाव तुजा कंपुटर."

मी तिच्यापुढे मांडी घालून सगळं सांगून टाकलं.  ती म्हणाली, "तवाच का नाय सांगितलंस र? तवा माजा आवाज होता."

 

मग तिने माझा कान धरला, तोंडाजवळ ओढला आणि पहिली ओळ सांगितली. "बोल." मी म्हटलं, आत्या, बायकांचं गाणं ते. "बोल!" मी बोललो. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या, नवरीसुद्धा हसली. पण दुसऱ्या ओळीपासून त्या माझ्यामागून म्हणू लागल्या आणि बहिणीला हळद लागली. चार धवले झाले, तोवर आत्याला धाप लागली. तिने हातानेच पुरे म्हटलं.

ते चार मला अजून येतात, बेसूर का होईना. बाकीचे तिच्याकडून घेण्याआधीच आत्या गेली. ते आता कुणालाच येत नाहीत, आणि ते माझ्यामुळे.