डोळे मिटवणारे साडभाऊ

नागपुरात पंधरा ते तीस वयाचं असं एकही बौद्ध पोर सापडायचं नाही, ज्याला आमच्या साडभाऊंनी निदान एकदा पकडून, मांडी घालायला लावून डोळे मिटायला लावलेलं नाही. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. उभी हयात कोराडीच्या वीज केंद्रात गेली आणि तिथल्या यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवता चढवता गळा असा तयार झाला, की ते घरात मीठ मागतात तेव्हा शेजारची बाई मीठ घेऊन दारात येते. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, गुडघे दुखवून घेतात. यांनी नंदनवनातल्या आमच्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी तरुणांचा वर्ग काढला. आधी त्रिशरण-पंचशील, मग ध्यान, मग भाषणाचा सराव, मग नोकरीच्या मुलाखतीची तयारी, आणि या सगळ्याच्या अगोदर झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे. पोरं कशासाठी येतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. "उपाशी पोटी कोणाले अनित्यता समजत नाही गा," ते मला म्हणाले, "आधी तर्री, मग तत्त्वज्ञान." स्वतः मात्र तत्त्वज्ञानापूर्वी दोन प्लेटा हाणायचे.

त्यांचा उत्साह म्हणजे समोरच्याच्या जिवाला घोर. एकदा मौन शिबिर घेतलं. मौन का पाळावं, कसं पाळावं, मौनाचे प्रकार किती, हे माईकवरून सांगता सांगता जेवणाची वेळ झाली. जेवतानाही ते पंगतीतून फिरत "कोणी बोलू नका" असं ओरडून सांगत होते. शेवटी समोरच्या घरातले आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "तुमचं मौन जरा हळू आवाजात करा न बाप्पा." आणि श्रामणेर शिबिराची गोष्ट तर आमच्या नातेवाइकांत अजून सांगतात. आठ-दहा दिवस चीवर घालून, मुंडण करून भिक्खूंसारखं राहायचं, अशी ती रीत. साडभाऊंनी गोड बोलून आमच्या पुतण्याला तिथं बसवलं. त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्याच आठवड्यात आहे, हे त्यांना माहीत होतं, पण महत्त्वाचं वाटलं नाही. मुलीकडचे आले तर नवरदेवाच्या डोक्यावर ऊन चमकतंय. मुलीच्या मामानं दबक्या आवाजात विचारलं, घरात कोणी गेलं काय? साडभाऊ पुढं होऊन म्हणाले, "कोणी नाही गेलं. तृष्णा गेली." लग्न झालं, पण तो मामा अजून आमच्याकडे संशयानंच पाहतो.

अशा या माणसावर गेल्या वर्षी संकट आलं. विहार समितीच्या मनात आलं की वरचा हॉल एखाद्या कोचिंग क्लासला भाड्यानं द्यावा. आठवड्याचे सहा दिवस तो रिकामाच असतो, आणि सातव्या दिवशी तिथं नुसते पोहे खाल्ले जातात, असं कोणी तरी कानावर घातलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सांगितलं, "येत्या रविवारी येऊन पाहतो. पोरं काही शिकत असतील तर हॉल तुमचा. नाही तर वर्ग बंद." साडभाऊंचं तोंड एवढंसं झालं. त्यांच्या बायकोचं त्यांच्याहूनही एवढंसं. "हे रविवारचे घरी राहिले तं मले शिकवतीन वं," ती माझ्या बायकोला म्हणाली. पण मी पाहत होतो, त्या आठवडाभर साडभाऊंना झोप नव्हती. वर्ग सोडून गेलेल्या पोरांना शोधत ते प्रताप नगरपर्यंत स्कूटरवर जाऊन आले. वर्ग गेला तर सोमवार ते शनिवार कशासाठी काढायचे, हे त्यांना कळत नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही चक्क हळू आवाजात.

रविवारी हॉल भरला. पांढऱ्या कपड्यांतली पोरंपोरी रांगेत बसली, मागे खुर्च्यांवर अध्यक्ष आणि समितीची मंडळी, खिडकीशी मी. साडभाऊंचा एक कडक नियम होता. त्यांनी घंटी वाजवल्याशिवाय कोणी डोळे उघडायचे नाहीत. "श्वास येऊन राहिला, जाऊन राहिला, फक्त पाहत राहा," असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज मऊ झाला, मग बारीक झाला, मग थांबला. मला वाटलं, वा, आज खरी समाधी लागली. तेवढ्यात पहिलं घोरणं ऐकू आलं. आठवड्याचं जागरण आणि दोन प्लेटा पोहे, दुसरं काय होणार?

अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते. रांगेत कोणीही हललं नाही. घोरणं वाढलं, खांदे हसून गदगदले, एकीच्या मिटल्या डोळ्यांतून हसण्याचं पाणी आलं, पण डोळे मिटलेलेच. मी साडभाऊंना हलवायला उठलो, तर पुढच्या रांगेतल्या त्याच मुलीनं एक डोळा किलकिला केला आणि पुटपुटली, "राहू द्या काका. सर आठवडाभर झोपले नाहीत." आणि तिनं डोळा परत मिटला. मी गुपचूप बसलो. उरलेले पोहे निवले, ऊन खिडकीतून सरकत फरशीवर आलं, कोणाचा तरी मोबाइल खिशात थरथरून गप्प झाला, तरी हॉल जसाच्या तसा.

अखेर अध्यक्ष उठले, मागोमाग समितीची मंडळी उठली, आणि सगळे पाय न वाजवता जिना उतरले. मी हात जोडायच्या तयारीनं मागोमाग गेलो. खाली चपला शोधत अध्यक्ष म्हणाले, "माझ्या शाळेत घंटा झाली का पोरं भिंतीवरून उड्या मारून पळत. इथं घंटी वाजून नाही राहिली, म्हणून पोरं बसून आहेत. हॉल त्यांच्याचकडे राहू द्या." आणि गेले.

मी वर आलो तेव्हा साडभाऊ दचकून जागे होत होते. त्यांनी समोर पाहिलं, मागच्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि घाईघाईनं घंटी वाजवली. सगळे डोळे एकदम उघडले. "साधू, साधू, साधू," पोरं रिवाजाप्रमाणे म्हणाली, आणि एकही हसलं नाही.

परतताना स्कूटर मी चालवली. हॉल राहिला, हे मी दोनदा सांगितलं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मागून त्यांचा आवाज आला, "झोपलो होतो न मी?"

"हो भाऊ."

"कोणी उठून गेलं काय गा?"

"पोरांतलं एकही नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. मी स्कूटर मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घेतली. आपण असे झोपलो तर आपल्याजवळ कोण बसून राहील, याचा विचार मी त्या रस्त्यावर करत होतो, आणि मला फार नावं सुचली नाहीत.