मागनं आवाज द्यायला शिकलो

आधी दादांचं सांगतो, बाकीचं नंतर. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून नुसतं दादा. पेठेतल्या आमच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे, दादा त्याचे गोलकीपर. घरी चार म्हशी, संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात. मी कोल्हापुरात टिकलो तो त्यांच्यामुळं.

मी नांदेडकडचा. नववीत शाळा सुटली आणि गाववाल्याच्या ओळखीनं इथल्या फौंड्रीत लागलो. कामाचं काही नव्हतं, पण तोंड उघडायची भीती बसली होती. येतोय, करतोय याला आमच्याकडचं "येऊलालो", "करूलालो" म्हटलं की सगळे हसायचे. मग मी बोलणंच सोडलं. फोनवर आईलाही दोनच शब्द, बरं आहे. परत जावं असं रोज वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या कडेला बसायचो. एकदा बॉल माझ्याकडं आला, मी तो लाथेनं परत धाडला. दादा ओरडले, "ए पावणं, पाय बरा हाय की! उद्यापासनं या."

गेलो. पण तालमीच्या संघात पेठेतलीच पोरं खेळतात. हा बाहेरचा कशाला, अशी कुजबुज होतीच. हंगामाआधी शेजारच्या पेठेबरोबर सराव सामना ठरला. डावा बॅक म्हणून मी राहणार की जाणार, ते त्यावर ठरायचं होतं. इथं संघातून गेलो तर गावीच जायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

पहिल्या हाफमध्ये उंच बॉल आला. मी धावलो, गोलसमोर मधे राखण करणारा आमचा स्टॉपरही धावला. मी गप्प. दोघं एकमेकांवर आदळलो आणि समोरच्यानं आरामात गोल मारला.

स्टॉपर उठला तो खेकसतच. "आरं, तोंड शिवलंय व्हय तुझं?"

हाफटाइमला दादांनी बाजूला घेतलं. "पाय पळत्यात तुझं, पण मला मागनं नुसती पाठ दिसती. पाठीवरनं काय कळायचं रं, तू घेणार का सोडणार?"

"दादा, मी बोललो की हसतात."

"हसू देत की. हसत हसत का हुईना, ऐकतील."

दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तसाच बॉल. छाती धडधडत होती. सगळा जीव गोळा करून ओरडलो, "मी घेऊलालो! सोड!"

बसलेली सगळी माणसं खो खो हसली. "ए घेऊलालो, घे की मग!" पण स्टॉपर बाजूला झाला होता. मी बॉल डोक्यानं बाहेर काढला. मग थांबलोच नाही. डावीकडं माणूस सुटलाय, मागं बघ, वर चढ; माझ्या बोलीत, सुचेल तसं. सामना हरलो, त्या एका गोलनंच. जर्सी मात्र मिळाली. ती अंगावर टाकताना स्टॉपर म्हणाला, "घसा बसू दिऊ नको, घेऊलालो. हंगाम लांब हाय."

धडधड आजही होते. पण आपण गप्प बसलो की मार शेजारच्यालाही बसतो, हे अंगात मुरलंय. फौंड्रीत डोक्यावरनं क्रेन सरकायला लागली की आता पहिली हाक माझी असते. आईलाही फोनवर सामन्याचं सगळं सांगतो. तिला त्यातलं काही कळत नाही, तरी ऐकते.

दादांना गोव्यात जाऊन तिथला एक सामना मैदानात बसून बघायचाय. आजवर जमलं नाही. त्यांच्या म्हशी परक्या हाताला पान्हा सोडत नाहीत, आणि धार चुकवून चालत नाही. म्हणून दर रविवारी मी गोठ्यात जातो. दोघी दूध द्यायला लागल्यात, तिसरी जवळ उभं राहू देते, चौथी अजून लाथ मारते. मारू दे. तीही माझ्या हाताला वळली की गोव्याच्या गाडीत दादांना मी स्वतः बसवून देणार आहे. ते येईपर्यंत गोठा माझा.