लॅपटॉपचा कोट

मास्तरांना कोणतीही वस्तू वरून बघून पटत नाही. तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाचं असंच होतं. समोर नवाकोरा कोट आला तरी हात आधी अस्तराकडे जातो. वरून बघतात ती गिऱ्हाइकं, कारागिराने आतून बघायचं, हे त्यांचं ठाम मत. लग्नाच्या वेळी मलाही उलटसुलट करून बघायचं राहिलं तेवढंच, असं मास्तरीणबाई अजून ऐकवतात.

अशा माणसावर घरासाठी लॅपटॉप निवडायची वेळ आली, ती थोरल्या लेकीमुळे. ग्राहकांच्या तक्रारींना घरबसल्या लेखी उत्तरं द्यायची, अशी एक नोकरी तिच्या नजरेत होती. त्यासाठीची परीक्षा तिने फोनवर दिली आणि फोनने अर्ध्यातच मान टाकली. खूप विनवण्या केल्यावर कंपनीने आणखी एक संधी दिली. ही शेवटची, असंही स्पष्ट लिहून कळवलं. बुधवारी सकाळी दहा ते बारा, कॅमेरा चालू, मधे बंद पडलं की विषय संपला.

मास्तरांचा मेहुणा म्हणाला, "नवाच घ्या, चकचकीत. जुन्याच्या भानगडीत पडू नका." मेहुण्यांची मतं फुकट मिळतात, नवे लॅपटॉप मिळत नाहीत. मास्तर सरळ मंडईमागच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा गडी कचेऱ्यांतले वापरलेले लॅपटॉप साफसूफ करून विकायचा.

"घरात सगळ्यांना मिळून एकच पाहिजे," मास्तर म्हणाले. "थोरलीची परीक्षा, धाकटीचा अभ्यास, आणि आमच्या हिला व्हिडिओ कॉलवर तिच्या बहिणीचं तोंड मोठं दिसायला हवंय."

"मग आठ जीबी रॅमच्या खाली उतरू नका. आणि एसएसडीच घ्या."

"माणसाच्या भाषेत सांगा हो."

दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं. "रॅम म्हणजे तुमचं कटिंगचं टेबल. मोठं असलं की कापड ऐसपैस पसरता येतं. एसएसडी म्हणजे नीट लावलेलं कपाट. मागितलं की लगेच हाताला लागतं."

हे मास्तरांना पटलं. मग त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली. चार लॅपटॉप पालथे घातले, झाकणं वीस-वीस वेळा उघडली, मिटली, एकेक बटण दाबून बघितलं. एक पातळ, चंदेरी लॅपटॉप दुकानात सगळ्यात देखणा होता, पण झाकण उघडताना त्याची बिजागरी कुरकुरली. "काखेत तंग आहे," म्हणून मास्तरांनी तो बाजूला सारला. शेवटी एक काळा, जाडसर, दिसायला अगदीच बापुडा लॅपटॉप त्यांनी उचलला. बिजागरी घट्ट, बॅटरी नवी, तीन महिन्यांची हमी. फक्त त्याच्या पोटावर आणि कडेला बारीक फटी होत्या. फटी बघून मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. उसवलेलं दिसलं की शिवून टाकायचं, त्यात विचारायचं काय!

सोमवारी त्यांनी लॅपटॉपला कोट शिवला. सुटाचं उरलेलं जाड कापड, आत कॅनव्हास, मऊ अस्तर, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. खालून आणि कडेने असा घट्ट बसला, की धुळीचा कणही आत जाणार नाही. "माझा एक ब्लाउज असा मन लावून शिवला नाहीत कधी," मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं, पण कापडावरून हात फिरवायला विसरल्या नाहीत.

मंगळवारी दुपारी थोरली सरावाला बसली. अर्ध्या तासात पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, तर दहा मिनिटांत पुन्हा काळा.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा तेच होतंय हो." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मास्तर हातातलं काम टाकून आले. त्यांनी लॅपटॉप उचलला. तो चांगलाच तापला होता, पण आयुष्य इस्त्रीशेजारी गेलेल्या माणसाला त्याचं काय वाटणार? तसाच काखोटीला मारून ते निघाले. फसवलं मेल्याने, असं वाटेभर पुटपुटत ते दुकानात पोचले.

दुरुस्तीवाला कोट बघतच राहिला. "काय हात आहे मास्तर तुमचा! पण जरा काढू दे." कोपऱ्यांची इलॅस्टिकं सोडवून त्याने लॅपटॉप मोकळा केला, सुरू केला आणि मास्तरांचा तळवा त्या कडेच्या फटीपाशी धरला. गरम वारा लागला.

"आत पंखा आहे. गार हवा पोटाकडून घेतो, गरम इकडून सोडतो. तुम्ही बिचाऱ्याचं नाक-तोंडच शिवून टाकलंत."

तासभर त्यांनी तो दुकानातच चालवून बघितला. एकदाही बंद पडला नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

"येताना तुम्हाला फार शिव्या घातल्या हो मी."

"मला कुठे ऐकू आल्या!" दुरुस्तीवाला हसला.

घरी येऊन ते कोट चिंध्यांत टाकणार, तेवढ्यात थोरलीने तो ओढून घेतला. "फटींपुरतं कापा ना, बाबा. बाकी राहू दे. माझ्यासाठी शिवलाय तुम्ही." मास्तरांनी खडूने खुणा केल्या, फटींच्या मापाने कापड कापलं आणि प्रत्येक कडेला काजाचे टाके हाताने घातले. मग संध्याकाळभर लॅपटॉप चालू ठेवून दर पाच मिनिटांनी तळव्याने वारा तपासला.

बुधवारी दहाला पाच कमी असताना त्यांनी शिलाई मशीन बंद केलं. आतल्या खोलीत थोरली एकटी, दार लावलेलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी ओठांवर बोट ठेवूनच बाहेर बसवलं. कामाच्या दिवशी दोन तास मशीन गप्प, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मास्तर एकाच सुईत दोरा ओवत आणि काढत बसले.

बारा वाजून गेले आणि दार उघडलं. थोरली लॅपटॉप कोटासकट उचलून बाहेर आली. "एकदाही बंद पडला नाही, बाबा. सगळे प्रश्न झाले. हात लावून बघा."

मास्तरांनी तळवा धरला. काजातून गरम वारा येत होता. त्यांनी लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा मात्र त्यांनी नुसता वरूनच बघितला आणि त्यांना तेवढं पुरलं.