खळीचं पीठ

खाजाभाईच्या आणि माझ्या दुकानांच्या मध्ये एक लाकडी फळी होती आणि त्या फळीला हात जाईल एवढी फट होती. त्या फटीतून तो मला विडी द्यायचा आणि मी त्याला सल्ला द्यायचो. विडी मी कधी परत केली नाही. सल्ला त्याने एकदाही घेतला नाही.

मी छगन शिंपी. नगरच्या कापड बाजारामागच्या बोळात माझं मशीन होतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर आणि कामाची घाई त्याच्याही पुढे. उसवलं की टाका घालावा, फाटलं की ठिगळ लावावं आणि गिऱ्हाईक वाटेला लावावं, एवढंच मला कळायचं. खाजाभाई पुस्तकं बांधायचा, जुने कागद सांधायचा. त्याच्यापुढे कुजकं पान आलं की तो आधी नुसता बघत बसायचा. मग ते उजेडाला धरायचा, मग वास घ्यायचा. मला बघूनच कंटाळा यायचा. "आरं बाबा, कागद हाय तो, नवरी न्हाई," असं मी फळीआडून ओरडायचो. तो हसायचा आणि पुन्हा वास घ्यायचा.

मशिदीतलं कुराण, कुणा भटजीची पोथी, मिशनच्या शाळेतलं गाण्यांचं पुस्तक, सगळं त्याच्याकडे एकाच फडताळात असायचं. हा धंदा त्याच्या बापाचा, बाबालालचा. बाप जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण घडी दाबायची त्याची हाडाची पट्टी अजून खिळ्याला टांगलेली होती. बापाचं नाव निघालं की पाठीत वाकलेला हा माणूस ताठ बसायचा. "माझ्या बापानं लावलेलं पान सुटलं न्हाई आन् दिलेला शब्द बी सुटला न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तो 'माझ्या' म्हणाला की पुढचं मीच म्हणून टाकायचो.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या श्रावणात तिसगावहून पुष्पावतीबाई आल्या. तिसगावातल्या मारवाडी जैनांच्या घरच्या, भुसार दुकानाच्या मालकीण. साठी उलटलेली, पण कोळशावर चालणाऱ्या मोटारीत धूर खात येऊनही मान ताठ. मागे सून होती. सुनेच्या हातात रुमालात बांधलेली पोथी होती आणि बाई त्या पोथीपासून जरा अंतर राखूनच उभ्या होत्या.

"खाजा, ही पोथी तुझ्या वडिलांनी एकदा नीट केली होती," बाई म्हणाल्या. "संवत छप्पनच्या दुष्काळात, चव्वेचाळीस वर्षांमागे. मी तेव्हा नवी सून होते. आता हिला कसर लागलीय. पजुसणाच्या आत नीट व्हायला हवी."

पजुसण म्हणजे त्यांचं पर्युषण, भाद्रपदाच्या तोंडावरचे आठ दिवस. सुनेने रुमाल सोडला. आत सुटी, लांबट पानं होती, हाताने लिहिलेली. कसरीने कडा खाऊन त्यांची जाळी केली होती.

बाईंनी अटी सांगितल्या. सरस लावायचा नाही, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ती हाडाची पट्टी पोथीला टेकवायची नाही. चिकटवायला पिठाची खळ, तीही रोज ताजी, कारण शिळ्या खळीत जीव होतात. आणि पानांत जी कसर असेल ती मारायची नाही.

"मग काय करायचं तिचं?" मी फटीतून विचारलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

"सोडून द्यायची," बाई म्हणाल्या.

खाजाभाईने मान हलवली. "माझ्या बापाला बी तुमी ह्येच सांगितलं आसंल."

"सासूबाईंनी सांगितलं होतं. सरसाचं नाव नको म्हणून खळीसाठी गव्हाचं पीठ घरून दिलं होतं. मीच मोजून दिलं होतं."

खाजाभाईने एक पान उचलून बाईंपुढे धरलं. कुठली रेघ किती गेली ते त्याला विचारायचं होतं. बाईंनी हात पदराखाली घेतला. "मी हात लावत नाही आता," त्या म्हणाल्या, आणि सून खाली बघू लागली.

मग कळलं ते असं. पावसाळ्याचे चार महिने तिसगावात दर वर्षी कुणी साध्वी मुक्कामाला असेच असं नव्हतं. नसेल त्या वर्षी बायकांना पोथी वाचून दाखवायचं काम पुष्पावतीबाईंचं. सासूने त्यांना शिकवलं होतं आणि गावातल्या बायकांत तसं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. गेल्या वर्षी वाचता वाचता तोंडावर बांधलेली मुहपत्ती घसरली. गोष्ट नेमकी अशा जागी आली होती की समोर बायका रडत होत्या. म्हणून बाई थांबल्या नाहीत, उघड्या तोंडाने वाचत राहिल्या. त्यानंतर वर्षाच्या आत पोथीला कसर लागली. त्याच पेटीत दुसऱ्याही पोथ्या होत्या, त्यांना काही झालं नाही.

"माझ्या थुंकीने पोथी विटाळली," बाई म्हणाल्या. "ज्ञानाचा अपमान झाला माझ्याकडून, त्याची ही शिक्षा. पोथी तू नीट कर. पण मी आता वाचणार नाही."

"मग ह्या वर्षी कोन वाचनार?" खाजाभाईने विचारलं.

"कुणीच नाही," सून पहिल्यांदा बोलली. "बाया येतील, नमस्कार करतील आणि जातील."

त्या गेल्यावर मी खाजाभाईला म्हटलं, असलं काम घेतलंस म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर नाही. तो कामाला लागला होता. पांढऱ्या पंचावर तो एकेक पान उतरवी, मोरपिसाने झटकी आणि पडलेली कसर द्रोणात गोळा करून मागच्या लिंबाच्या बुंध्याशी सोडून येई, लेक सासरी धाडल्यासारखा. मी हसून हसून बेजार झालो. लढाईमुळे गहू रेशनवर होता, म्हणून त्याची बायको इमामबी रोज चिंचोके भाजून, दळून त्यांची खळ शिजवायची. हाडाच्या पट्टीऐवजी त्याने बांबूची एक पट्टी तासून घेतली होती. उरलेली खळ तो संध्याकाळी ओतून टाकायचा. मला तर तेही बघवत नव्हतं.

एके दिवशी फळीपलीकडे फारच शांत वाटलं. मग हाक आली. "छगन, हिकडं ये."

बापाने लावलेल्या कागदाच्या जुन्या पट्ट्या काढून तो नव्या लावत होता. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पट्टीवर ठेवायचं आणि ती ढिली झाली की उचलायची, अशी त्याची रीत. त्याने ते पान माझ्या नाकाशी धरलं. "वास घे."

कागदाचे वास घ्यायची मला हौस नव्हती. पण हा वास ओळखायला कसब लागत नव्हतं. भिजलेल्या कातड्याचा वास होता तो. सरस.

"दुसऱ्या कुनी लावला आसंल," मी म्हणालो.

"न्हाई. ही काट बापाची हाय. पट्टीचं टोक आसं तिरकं तोच कापायचा. मला बी त्यानंच शिकवलं." त्याने पानं पुढ्यात मांडली. जिथे पट्टी होती तिथे कसर, जिथे पट्टी नव्हती ते पान शाबूत. "सरसाला आलीया ती. म्हातारीच्या थुंकीला न्हाई."

मग मला जे सुचलं ते मी बोललो, आणि आजही मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. म्हणालो, "आता समदा सरस निघतोयच की. चिंचोक्याची खळ लाव, पोथी दे, तोंड मिटून बस. कुनाला कळतंय?"

"आन् ती?"

"ती काय?"

"ती समजती, तिच्या तोंडानं पोथी बाटली. मी गप बसलो तर ती मरंस्तवर त्येच समजनार."

"आन् बोललास तर तुझा बाप खोटा ठरंल," मी म्हणालो. "मेलेल्या मानसाला वर काढून चौकात उभं करनार का तू? तिसगावापासून नगरापर्यंत समदे मारवाडी तुझ्या बापाच्या नावानं बोटं मोडतील. धंदा बी जाईल."

खिळ्याची हाडाची पट्टी त्याने काढली, पुसली आणि खणात ठेवून दिली. मला राग आला. खरं सांगायचं तर राग त्याच्यावर नव्हता. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्या बाबालालवर होता. पोराला आयुष्यभर ज्या नावावर ताठ बसायला शिकवलंस, त्याच नावाखाली हे ठेवून गेलास?

पजुसणाच्या तोंडावर बाई पोथी न्यायला आल्या. खाजाभाईने पानं उलगडून दाखवली. कडा इतक्या सुरेख सांधल्या होत्या की मलासुद्धा बोट फिरवून बघावंसं वाटलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबालालचा मुलगा शोभतोस," त्या म्हणाल्या.

तेवढं तरी ऐकून गप्प बसावं की नाही? पण खाजाभाई उभा राहिला.

"मांजी, तुमच्या तोंडानं पोथीला काय बी झालेलं न्हाई. कसर सरसाला आली. सरस माझ्या बापानं लावला हुता. मी समदा काढलाय. आता चिंचोक्याची खळ हाय, रोजच्या रोज शिजवलेली."

"पण पीठ दिलं होतं," बाई म्हणाल्या.

"व्हय. पीठ कुठं गेलं, मला म्हाईत न्हाई. सरस हुता, येवढं म्हाईत हाय."

बाईंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्या पोथीवर कपाळ टेकवलं, तिच्यात जनावराचं कातडं होतं. त्या सुनेला "चल" म्हणाल्या. सुनेने पोथी उचलली. जाताना बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"झालं समाधान?" मी फटीतून ओरडलो. पलीकडून विडी आली नाही.

त्यानंतर बापाचं ते वाक्य बंद झालं. इतकी वर्षं मला त्या वाक्याचा वीट आला होता आणि आता ते ऐकू येईना म्हणून मला करमेना. खाजाभाई काम करायचा, पण गिऱ्हाईक "वडिलांचं दुकान का हे?" म्हणालं की नुसती मान हलवायचा.

पजुसण संपलं. सण संपला की जैन लोक घरोघरी जाऊन हात जोडतात आणि वर्षभरात काही दुखवलं असेल तर माफी मागतात. त्याला ते खमतखामणा म्हणतात. बाजारात ती धांदल चालू असतानाच एका दुपारी पुष्पावतीबाई बोळात शिरल्या. एकट्याच. मी मशीन थांबवलं. म्हटलं, आता हा बोलणी खाणार.

बाई खाजाभाईच्या बाकावर टेकल्या. दम खाऊन म्हणाल्या, "वाचली मी. आठही दिवस वाचली."

"हात लावला?" खाजाभाईने विचारलं.

"हातात घेऊन वाचली." मग म्हणाल्या, "छप्पनला तू केवढा होतास?"

"लई ल्हान. मला काय बी आठवत न्हाई. अम्मा सांगायची, माझ्या आधीची दोघं त्या साली गेली. मी येकटा ऱ्हायलो."

"कसा राहिलास?"

"अब्बानं कुठनं तरी गव्हाचं पीठ आनलं हुतं म्हनं. अम्मा रोज चिमूट चिमूट पान्यात शिजवायची आन् मला..."

तो थांबला. हे मी त्याच्याकडून आधीही ऐकलं होतं, बापाच्या कर्तबगारीची गोष्ट म्हणून. त्यानेही ती तशीच ऐकली होती. आता ती अर्ध्यावर राहिली.

"पिठात पाणी घालून शिजवलं की खळच होते, खाजा," बाई म्हणाल्या. "खळीला दिलं होतं, खळच झाली त्याची. पीठ कुठे गेलं असेल, ते पोथी मांडीवर घेतली आणि ध्यानात आलं."

मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "आमच्या घरात त्या साली कोठी भरलेली होती. मी खळीपुरतं पीठ मोजून दिलं, माप वरून बोटाने सपाट करून. तुझे वडील दारात उभे होते. घरी लेकरं आहेत का, एवढं मी विचारलं नाही. ते आता नाहीत. त्यांचा खमतखामणा तू घे."

खाजाभाई धाय मोकलून रडला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. माझेही डोळे भरून आले आणि ते लपवायला माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून मी उगीच मशीनला तेल घालत बसलो.

बाई गेल्यावर त्याने खण उघडला. हाडाची पट्टी काढून पुन्हा खिळ्याला टांगली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "माझ्या..." मी सवयीने पुढचं म्हणायला तोंड उघडलं. पण ह्या वेळी वाक्य निराळं होतं.

"माझ्या बापाचा शब्द येकदा सुटला, छगन," तो म्हणाला. "माझ्यापायी सुटला."

मी फटीतून त्याला विडी दिली.