फेटा बांधून बाहेर

आमच्याकडे माणसाला हाकलायचं असेल तर आधी त्याचा सत्कार करतात. हे मला माहीत होतं. शाल-नारळावर बोळवण झालेले कितीतरी जण मी पाहिले होते, त्यांना हसलोही होतो. तरी माझी पाळी आली तेव्हा मी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी हजर झालो.

तरुणपणी दौंडच्या रेल्वे मैदानावर फुटबॉलमध्ये मी गोलांची रास घातली होती. गोल करणारा माणूस मुळात अप्पलपोटा असतो. बाकीचे धावून धावून मरतात आणि खांद्यावर मिरवतो हा. मला ते मिरवणं फार आवडायचं. पुढे गुडघा गेला आणि त्याबरोबर मिरवणंही गेलं. मग शिरूरच्या एका क्लबाने संघ सांभाळायला बोलावलं. फाटक्या जाळीचे दोन गोलपोस्ट आणि अध्यक्षांची जीप, एवढाच तेव्हा क्लब होता.

पोरं सगळी शिक्रापूर-रांजणगावच्या कारखान्यांतली. कुणी केरळचा, कुणी बंगालचा, दाटीवाटीने भाड्याच्या खोल्यांत राहणारी. मी दौंडहून केडगाव, चौफुला करत मोटारसायकल हाणत यायचो. सरावापेक्षा पाळ्या जुळवण्यातच माझा जीव जायचा. सामन्याच्या दिवशी कुणाला सुट्टी मिळावी म्हणून मी सुपरवायझरांची इतकी मनधरणी केली आहे, की तेवढी सासऱ्यांचीही केली नाही. पण संघ उभा राहिला. दुसऱ्याच्या पायाने गोल झाला तरी आपल्या पोटात आनंद मावत नाही, हे मला या पोरांनी शिकवलं.

यंदा आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर पुण्याचा तगडा संघ. आदल्या दिवशी अध्यक्ष स्वतः घरी आले. सामन्याआधी स्टेजवर माझा सत्कार करायचा म्हणाले. बायको खूश झाली. मला वाटलं, फेटा, शाल, दोन शब्द, आणि शिट्टी व्हायच्या आत मी खाली माझ्या जागेवर, मैदानाच्या कडेच्या रेषेपाशी.

फेटा बांधून झाला. मी उठायला लागलो तर अध्यक्षांनी हात धरून खाली बसवलं.

"आप्पा, आता तुम्ही खाली उभं ऱ्हायचं न्हाई. तुमची जागा हितं वर हाय."

रेषेपाशी नवा ट्रॅकसूट घालून त्यांचा भाचा उभा होता. पुण्यात कसलासा कोर्स करून आलेला. माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं, संघाचे नवे प्रशिक्षक म्हणून. मला आधी कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. भरल्या मैदानासमोर फेटा फेकून उतरावं, तर तमाशा झाला असता. मी बसलो. माझ्या या भिडेचा मला आजही संताप येतो. त्यांनी नेमकी तीच ओळखली होती.

मध्यंतरापर्यंत बरोबरी. उत्तरार्धात आमच्या डावीकडचा पुण्याचा बचाव दमलेला मला वरून स्वच्छ दिसत होता. भाचा मात्र सगळे चेंडू उजवीकडून चढवायला लावत होता. मला राहवेना. उठून ओरडलो. स्टेजवरचे पाहुणे वळून बघायला लागले. अध्यक्षांनी शालीचं टोक ओढलं.

"आप्पा, पाव्हण्यानं वरडायचं नसतं. फोटुत वाईट दिसतं."

शेवटी कॉर्नर मिळाला. बाकी पोरांनी गोलच्या पहिल्या खांबाकडे धाव घेतली, आणि मागे मोकळ्या राहिलेल्या आमच्या कप्तानाने, त्या केरळच्या पोराने, चेंडू डोक्याने आत घातला. ही चाल मी त्यांच्याकडून घोटून घेतली होती. मैदान नाचायला लागलं. शेवटची शिट्टी झाली तशी पोरांनी भाच्याला खांद्यावर घेतलं. त्यांना तरी काय बोलणार, जिंकल्यावर रेषेपाशी जो सापडेल त्याला उचलतात. अध्यक्ष मला पेढा भरवत होते आणि मी तो गिळत होतो.

बक्षिसं पाहुण्याच्या हस्तेच द्यायची असतात. उत्कृष्ट प्रशिक्षकाची ढाल मी भाच्याच्या हातात दिली. तो वाकून पाया पडला. आशीर्वाद असू द्या म्हणाला. मी दिला. दुसरं काय देणार?

मग करंडक घ्यायला कप्तान वर आला. घामाने निथळत होता, तोंडभर हसत होता. माइकवर मराठीत जे पुकारलं त्यातलं त्याला काही कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं, सर आज एका दिवसापुरते पाहुणे आहेत.

करंडक आम्हा दोघांच्या हातात होता. माझ्या कानाशी येऊन त्याने विचारलं, "सर, कल प्रॅक्टिस कितने बजे?"

"नये सर से पूछो," मी म्हणालो.

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. करंडक आपल्याकडे न घेता तो माझ्याकडे बघत उभा राहिला, तेव्हा फोटोवाल्याने त्याला जरा पुढे बघायला सांगितलं.