खाजाभाईंची उघडी भिंत

देवळालीत आम्ही जो बंगला घेतला, तो कुण्या गोऱ्या कॅप्टनने एकोणीसशे अकरा साली लाल विटांत बांधला होता. नंतरच्या प्रत्येक मालकाने त्याच्यावर आपापल्या आवडीचा रंग फासला. आमच्या हाती आला तेव्हा तो पिस्त्याच्या बर्फीसारखा दिसत होता. माझी भाची चैताली आर्किटेक्ट आहे. तिने फर्मान काढलं की रंग खरवडून जुन्या विटा मोकळ्या करायच्या, आणि मागे ज्या दोन खोल्या वाढवायच्या त्याही तशाच विटांत, चुन्यात बांधायच्या. प्लास्टर अजिबात नाही. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं काढली आहेत. हुकूम पाळायची मला सवय आहे, आणि ती नोकरीने लावलेली नाही, माझ्या बायकोने, मीनाने लावलेली आहे.

चुन्याचं काम येणारा गवंडी शोधता शोधता खाजाभाई सापडले. साठीचे, शिडशिडीत, कानावर पेन्सिल. पहिल्या दिवशी ते आले ते थेट भिंतीपाशी गेले. एका जागचा रंग खरवडून त्यांनी दोन विटांमधल्या चुन्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "डावखुरा होता."

"कोण, कॅप्टन?"

"कॅप्टन काय बांधणार साहेब. मिस्त्री."

तेव्हापासून शंभर वर्षांपूर्वी गेलेला तो मिस्त्री आमच्याकडे रोज कामाला यायला लागला. एखादा थर सरळ निघाला की खाजाभाई म्हणायचे, "वा उस्ताद." वाकडा निघाला की म्हणायचे, "त्या दिवशी घरी भांडण झालेलं दिसतंय." चहा सांगितला की मीना दोन कप पाठवायची आणि विचारायची, "उस्तादांचा पाठवू का?"

"नको भाभी, त्यांची सुट्टी झाली," खाजाभाई म्हणायचे.

चुन्याचं मात्र सगळं सावकाश. तो हौदात भिजवायचा, मुरवायचा, मळायचा. मी एकदा म्हणालो की एवढ्या वेळात आम्ही बॉयलर उघडून पुन्हा बंद करायचो. त्यावर ते म्हणाले, "साहेब, सिमेंट म्हणजे जावई. आला की लगेच ताठ. चुना म्हणजे बुजुर्ग पाहुणा. बसायला वेळ लावतो, पण एकदा बसला की उठत नाही."

जुन्या भिंती मोकळ्या झाल्या आणि नव्या खोल्यांची मागची भिंत वर येऊ लागली, तसे खाजाभाई बदलले. जेवण कमी झालं. एक थर रचायचा, लांब जाऊन बघायचा, ओळंबा सोडायचा आणि काढून पुन्हा रचायचा. शेवटी मीनाने विचारलं, "खाजाभाई, घरी सगळं बरं आहे ना?"

तेव्हा कळलं. त्यांची नात झेबा मालेगावला, दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत आली होती तेव्हा ह्यांनी तिला रिक्षात घालून अर्धं नाशिक फिरवलं होतं. ही बिल्डिंग मी बांधली, ते हॉस्पिटल मी बांधलं. पोरगी म्हणाली, नाना, तुमचं काय त्यात? हे म्हणाले, आतल्या विटा. ती म्हणाली, दिसत नाहीत.

"चाळीस वर्षं भाभी," खाजाभाई म्हणाले. "बांधलं की वरून प्लास्टर. चुका झाकल्या त्याने, नाही म्हणत नाही. पण चांगलं पण झाकलं. नातीला दाखवायला माझ्याकडे एक वीट नाही."

ही त्यांची पहिली भिंत, जी उघडी राहणार होती. रविवारी ते झेबाला घेऊन येणार होते.

आता इथे दत्तूची ओळख करून द्यायला हवी. दत्तू खाजाभाईंचा जोडीदार, त्यांना मामू म्हणणारा, एकलहऱ्याहून मोटारसायकलवर येणारा. हयात प्लास्टर करण्यात गेली. उघडी वीट पाहिली की त्यालाच थंडी वाजायची. रोज संध्याकाळी हातपाय धुताना मला विचारायचा, "सायेब, हे असंच ठेवायचं? लोक म्हणतील, सायबाचं पैसं सरलं."

शनिवारी भिंत पुरी झाली. दुपारी खाजाभाई मालेगावच्या एसटीत बसले. आम्ही दोघं सिन्नरला लग्नाला गेलो. दत्तूला एकच काम होतं, भिंतीवर पाणी मारायचं. अंधार पडल्यावर परत आलो ते झोपलोच.

रविवारी सकाळी मीना तुळशीला पाणी घालायला मागे गेली आणि तिथूनच शांतपणे म्हणाली, "अहो, चष्मा घालून या."

भिंत नव्हती. म्हणजे भिंत होती, पण तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढरंशुभ्र, आरशासारखं सपाट प्लास्टर होतं.

तेवढ्यात दत्तू आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, कौतुक घ्यायला. "मामूची नात पहिल्यांदा यायची," तो म्हणाला, "अन भिंत उघडीबोडकी? मला नाय पटलं. एकट्यानं केलं सायेब. मजुरी नाय घेणार."

त्याला काय बोलावं हे ठरवता ठरवता दहा वाजले आणि फाटकाशी रिक्षा थांबली. खाजाभाई नवीन टोपीत, बोट धरून झेबा. मीना पुढे होऊन म्हणाली, "आधी चहा घ्या." चहा आधी म्हटल्यावर खाजाभाईंना काय ते समजलं. ते मागे गेले.

झेबाने भिंत बघितली, नानांकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याच्या आत आहे का?"

दत्तूचा चेहरा तेव्हा उतरला. तोपर्यंत त्याला खरंच कळलं नव्हतं.

खाजाभाई भिंतीजवळ गेले आणि त्यांनी प्लास्टरवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "दत्तू, माल कुठला घेतला?"

"हौदातला, मामू. चुन्याचा. सिमेंटला चैतालीताईची परवानगी नव्हती."

"तरीच." खाजाभाईंनी टोपी काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. "बुजुर्ग अजून बसले नाहीत. उठवू या."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून बुजुर्गांना उठवलं. खाजाभाई आणि दत्तू थाप्या घेऊन, मीना उलथणं घेऊन, मी शिडी धरून. झेबाला ओलं गोणपाट दिलं. ती विटा अशा पुसत होती जशी काही पाटी पुसतेय. दत्तू स्वतःचं आयुष्यातलं सर्वांत सपाट प्लास्टर खरवडत पुटपुटत होता, "काय गुळगुळीत आलं हुतं."

"आलं होतं," खाजाभाई म्हणाले. "एक नंबर. जागा चुकली."

तीनच्या सुमाराला भिंत बाहेर आली, पण कालची नव्हे. काल नव्या विटा लालभडक होत्या, जुन्या भिंतीशेजारी नवरीसारख्या चमकत होत्या, आणि चैताली त्यावर नाराज होती. आता प्रत्येक विटेवर चुन्याची पुसट पांढरी झाक राहिली होती. जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, मला सांगता येईना. मी फोटो पाठवला. चैतालीने विचारलं, मामा, ही कुठली पद्धत? मी लिहिलं, एकलहऱ्याची.

खाजाभाई झेबाला घेऊन लांब जाऊन उभे राहिले. पोरीने डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं.

"छान आहे नाना. पण तुमची कुठली?"

चाळीस वर्षांनी उघडी राहिलेली भिंत, आणि तीही दिसत नव्हती. दत्तू भिंतीकडे बघेना. मग तोच हळूच म्हणाला, "मामू, पायपाच्या मागं थापी पोचली नाय. थोडं ऱ्हायलंय. काढतो छन्नीनं."

पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे, बरोबर जुन्या-नव्याच्या सांध्यावर, तळहाताएवढा प्लास्टरचा तुकडा राहिला होता. गुळगुळीत, पांढरा.

"हात लावू नको त्याला," खाजाभाई म्हणाले. झेबाला त्यांनी जवळ नेलं आणि तिचा हात त्या तुकड्यावर ठेवला. "हे दत्तूमामाचं. ह्याच्या डावीकडे सगळं उस्तादांचं." मग तो छोटा हात उचलून त्यांनी पलीकडच्या विटेवर ठेवला. "इथून माझं."

झेबाने तिथून पुढच्या विटा मोजायला घेतल्या. एकशे चौदापर्यंत गेल्यावर ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. खाजाभाईंनी टोपी घातली आणि मीनाला सांगितलं, आता चहा चालेल.