जावयाचं तारण

जावयाचं तारण झालं त्या दिवशी चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी पदरानं डोळे पुसले होते. मिरजगावच्या सभेत तो उभा राहिला. दारू सोडली, बायकोवर हात टाकणं सोडलं, अशी साक्ष दिली आणि हुंदके देऊन रडला. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. त्यानंतर बाराव्या दिवशी माझी मुलगी एका पिशवीत दोन साड्या घेऊन राहात्याच्या स्टँडवर उतरली. डोक्याला फडकं बांधलेलं. उजव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

पुढं एका दुपारी तिघं तिला न्यायला आले, जावयाच्याच गाडीतून. पाळकसाहेब, मंडळीचे एक म्हातारे पंच आणि तो स्वतः. तो मान खाली घालून बसला. ते त्याला चांगलं जमतं.

चहा घेऊन पाळकसाहेब म्हणाले, "बेटी, तुझ्या नवऱ्याचं तारण झालंय. सैतान त्याची परीक्षा घेतोय एवढंच. प्रभूनं आपल्यासाठी केवढं सोसलं! तुला थोडं सोसवत नाही?"

"आणि माझा कान?" मुलगी म्हणाली.

पंच हसले. "अगं पोरी, देवाचं वचन ऐकायला एक कान लई झाला."

पाळकसाहेब हसले. त्यांचं बघून जावईपण हसला.

तेवढ्यात वीज गेली. सोसणं शिकवायला आलेले पाळकसाहेब दोन मिनिटांत कॉलर सैल करून पुठ्ठ्यानं वारा घ्यायला लागले. "मावशी, ती खिडकी उघडा हो, जीव चाललाय."

मी खिडकी उघडली. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून बोलले नाही. पण येशू क्रूसावर गेला तो आपल्या मर्जीनं. बाईनं पट्ट्याखाली पडून राहिलं की दारुड्याचं तारण होतं, असं कुठल्याच शुभवर्तमानात मला सापडलेलं नाही. मी चारही वाचलीत, ओळीखाली बोट धरून. यांनी बहुतेक बायकांना ऐकवायची पानंच तेवढी वाचली असावीत.

"चला, प्रार्थना करू आणि हिला घेऊन निघू," पाळकसाहेब म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा."

त्यांची प्रार्थना आदामापासून सुरू होते. वीस मिनिटांच्या आत आमेन येत नाही, हे त्यांच्या मंडळीतली पोरंसुद्धा सांगतील. आम्ही दोघींनी मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघे टेकले होते. मी डोळे उघडले. तिघांचे मिटलेले होते. मी मुलीच्या डाव्या कानाशी वाकले.

"ऊठ. पिशवी घे."

मागच्या दारानं आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी संगमनेरची जीप भरत होती. तिथून पुढं अकोले, तिथं माझी बहीण.

"आई, ते काय म्हणतील गं?"

"म्हणंनात. त्यांचा अजून नोहाच चाललाय."

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. जीप सुटली. मी परत येऊन गुडघे टेकले तेव्हा इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडत होते. पुढं चाळीस वर्षं रानात फिरायचे बाकी होते. आमेन मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

जावयानं मागं वळून पाहिलं. "मामी, ती कुठंय?"

"गेली."

"कुठं गेली?"

मी कपबश्या गोळा करायला लागले.

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "मावशी, देवाच्या समोर डोळे उघडलेत तुम्ही! हे पाप आहे."

"व्हय," मी म्हणाले.

आता मिरजगावात सांगतात, सासूच्या अविश्वासामुळं एका माणसाचं तारण हुकलं, तो पुन्हा प्यायला लागला. लागला म्हणे! सुटली कधी होती? पाळकसाहेबांना एवढी कळकळ असेल तर त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घ्यावं आणि रोज थोडं सोसावं. माझी मुलगी अकोल्याला मावशीबरोबर भात लावते. ती परत जाणार नाही. हे मी तिला विचारून लिहिते आहे.